श्रीमंत देशांनी मदत कशी द्यावी : धान्य, रोकड, कर्ज, लस आणि चावडीवरची पाटी

लीड्सला राहणाऱ्या माझ्या भाचीचा गेल्या आठवड्यात फोन आला. ती तिथल्या एका पक्षाची सभासद आहे, आणि शाखेच्या बैठकीत परदेशी मदतीवर ठराव येणार आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम गरीब देशांच्या विकासासाठी द्यायची, असा कायदाच ब्रिटनने २०१५ मध्ये केला होता. २०२१ मध्ये ती ०.५ टक्क्यांवर आणली. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान स्टार्मर यांनी जाहीर केलं की २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर जाणार, वाचलेला पैसा संरक्षणाला. "मावशी, रक्कम वाढवा म्हणायला मी तयार आहे," ती म्हणाली, "पण समोरचे विचारतात, वाढवून देणार कशी? तू जर्मन पैशांवर काम केलंयस. मी कशाच्या बाजूने हात वर करू ते सांग."

नव्वदच्या दशकात अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, मी जर्मन पैशांतून चाललेल्या पाणलोटाच्या कामावर हिशेब ठेवायचे. त्यामुळे कोणत्याही मदतीकडे माझी नजर वहीतूनच जाते. मी दोनच गोष्टी बघते. माल कुठून घ्यायचा ते कोण ठरवतं? आणि खर्चाचा हिशेब शेवटी कोणापुढे वाचला जातो? खालची सगळी तुलना या दोन प्रश्नांवर उभी आहे. भाचीसारखंच ज्यांना परदेशात मत द्यायचं आहे, किंवा मंडळाची वर्गणी कुठे पाठवायची हे ठरवायचं आहे, त्यांना ती उपयोगी पडेल असं वाटतं.

आधी आकडा उघडून बघा

०.७ टक्क्यांचं लक्ष्य संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये ठरवलं. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग अशा मोजक्याच देशांनी ते सातत्याने पाळलं. पण या टक्केवारीत काय काय धरतात, हे पाहिल्याशिवाय भांडण्यात अर्थ नाही. देणाऱ्या देशांनी आपसात ठरवलेल्या नियमाप्रमाणे, आश्रयाला आलेल्या निर्वासितांवर पहिल्या वर्षी स्वतःच्याच देशात केलेला खर्चही 'विकास मदत' म्हणून दाखवता येतो. २०२३ मध्ये ब्रिटनची मदत साधारण १५.३ अब्ज पौंड होती. त्यातले ४.३ अब्ज, म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त, ब्रिटनमध्येच निर्वासितांच्या राहण्या-जेवणावर गेले. निर्वासितांना निवारा द्यायलाच हवा, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो खर्च मलावीतल्या दवाखान्याच्या खात्यावर टाकणं मला पटत नाही. म्हणून भाचीला पहिलं हे सांगितलं, की ठरावात टक्का लिहिण्याआधी हा खर्च बाजूला काढायला सांग.

धान्य की रोकड

हा प्रश्न आपल्या घरातला आहे. अमेरिकेने १९५४ मध्ये पीएल-४८० नावाचा कायदा केला. स्वतःच्या शेतकऱ्यांकडचं जास्तीचं धान्य मित्रदेशांना द्यायचं, आणि किंमत त्यांच्याच चलनात घ्यायची. भारताने १९५६ मध्ये करार केला. त्या गव्हाने माणसं जगली, हे नाकारून चालणार नाही. पण १९६५ ते ६७ च्या दुष्काळी वर्षांत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडायला सुरुवात केली. व्हिएतनामवर भारत काय बोलतो, शेतीधोरण कसं बदलतो, ते बघून पुढचं जहाज. शास्त्रीजींनी लोकांना सोमवारी एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं ते याच काळात. धान्याच्या रूपातली मदत अशी असते. पोत्याचं तोंड देणाऱ्याच्या हातात राहतं.

आणि माल कोण निवडतं? आमच्याकडे बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, यायची. ती विकत आणलेली की मदतीची, हे रांगेतल्या बाईला माहीत नव्हतं आणि तिला त्याने फरकही पडत नव्हता. माझी आई सांगायची, मिलोचं पीठ परातीत कितीही मळलं तरी त्याला चिकटपणा येत नसे. भाकरी थापायला घेतली की कडेला चिरा पडायच्या, आणि तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. मग ती उकळत्या पाण्याची उकड काढून भाकरी करायची. पोट भरायचं, पण धाकट्या मामाला ती पचायची नाही. शेताच्या बांधावरच्या गाजरगवताला आजही लोक काँग्रेस गवत म्हणतात आणि ते अमेरिकन गव्हाबरोबरच आलं असं सांगतात. खरं-खोटं वनस्पतिशास्त्रज्ञांनी बघावं. लोकांच्या मनात त्या मदतीची कोणती खूण उरली, ते मात्र यातून कळतं.

त्याच दुष्काळात दुसरी गोष्टही घडली. महाराष्ट्राने दुष्काळी कामं काढली. १९७३ च्या मे महिन्यात त्या कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. खडी फोडायची, नालाबांध घालायचे, आठवड्याची मजुरी घ्यायची. हातात पैसा आला तसं राज्याबाहेरचं धान्य वाट काढत बाजारात आलं. त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला, आणि पुढे २००५ मध्ये देशाने तोच धडा गिरवला. खिशात पैसा असलेला भुकेला माणूस व्यापाऱ्याला दिसतो, नसलेला दिसत नाही.

आता केनियाकडे बघा. तिथल्या सियाया भागात २०१४ नंतर एका अमेरिकन संस्थेने ६५३ गावांतल्या १०,५०० हून अधिक कुटुंबांना प्रत्येकी साधारण १,००० डॉलर थेट मोबाइलवर दिले. अट नाही, प्रशिक्षण नाही, पिशव्या नाहीत. घराचं छप्पर गवताचं आहे ना, एवढंच बघितलं. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर मोजलं, तर दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे त्या भागाच्या अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच डॉलरची उलाढाल वाढली होती. पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांचंही उत्पन्न वाढलं, कारण सुतार, शिवणवाली, किराणावाला तिथलेच होते. भाव मात्र जेमतेम ०.१ टक्क्याने चढले. लोक दारूत उडवतील ही भीती आपल्याकडेही बोलली जाते. तिथल्या माणसांनी पहिल्यांदा पत्रे घेतले, गवत काढलं.

याच्या मर्यादा दोन. बाजारातच धान्य नसेल, रस्ते तुटले असतील, वेढा पडला असेल, तर मोबाइलवरचा पैसा खाता येत नाही. तिथे पोतंच लागतं, आणि शक्यतो शेजारच्या देशातून घेतलेलं. अमेरिकन कायद्याची जुनी अट अशी, की अन्नमदतीचं धान्य मुख्यतः अमेरिकेतच घ्यायचं आणि निम्मं तरी अमेरिकी झेंड्याच्या जहाजांतून न्यायचं. त्यात महिने जातात. दुसरी मर्यादा चोरीची. त्याच रोकड वाटणाऱ्या संस्थेने स्वतःच जाहीर केलं, की २०२२ मध्ये काँगोत त्यांच्याच काही माणसांनी संगनमत करून साधारण नऊ लाख डॉलर लंपास केले. सुरक्षेच्या कारणाने सिमकार्ड नोंदवायची पद्धत तिथे बदलली होती, आणि नेमकी तीच फट वापरली गेली. रोकड देताना नोंदणी करणारा आणि तपासणारा माणूस वेगळा हवा. हे आमच्या गावच्या मस्टरलाही, म्हणजे मजुरांच्या हजेरीवहीलाही, लागू होतं.

माझं मत विचाराल तर घरापुरतं दुःख असेल, म्हणजे छप्पर, शेळी, फी, औषध, तर रोकडीला तोड नाही. पण रोकडीने बंधारा होत नाही आणि रोकडीने गोवर थांबत नाही. त्याला चार घरं किंवा चार देश एकत्र यावे लागतात.

बांधलेली की मोकळी

सगळ्यात जास्त वेळ मला इथे घ्यायचा आहे, कारण मदतीवरच्या चर्चेत हाच मुद्दा मागे राहतो. 'हे पैसे घ्या, पण माल आमच्याच कंपन्यांकडून घ्या' अशी अट असली की ती बांधलेली मदत. अशा अटीमुळे खर्च साधारण १५ ते ३० टक्क्यांनी वाढतो, हा श्रीमंत देशांच्याच संघटनेचा हिशेब आहे.

ब्रिटनचं स्वतःचं उदाहरण भाचीला माहीत असायला हवं. १९८८ मध्ये मलेशियाशी शस्त्रांचा मोठा सौदा ठरला, आणि पाठोपाठ १९८९ मध्ये ब्रिटनने तिथल्या पेर्गाऊ नदीवरच्या धरणासाठी मदत कबूल केली. रक्कम २३.४ कोटी पौंडांवर गेली. मदत खात्याच्या सचिवांनी, टिम लँकेस्टर यांनी, लेखी विरोध केला. वीज महाग पडेल, हा मदतनिधीचा गैरवापर आहे, असं त्यांचं म्हणणं. मंत्र्यांनी लेखी आदेश देऊन पैसे सोडायला लावले. एका स्वयंसेवी संघटनेने कोर्टात खेचलं आणि १९९४ मध्ये उच्च न्यायालयाने ही मदत बेकायदा ठरवली. त्या धक्क्यातूनच पुढे २००१ पासून ब्रिटनने सगळी मदत मोकळी केली, आणि मदत गरिबी कमी करण्यासाठीच हवी असं २००२ च्या कायद्यात घातलं. मदत कमी होत असताना 'निदान आपल्या कंपन्यांना तरी काम मिळू द्या' हा आवाज पुन्हा येतो, तेव्हा पेर्गाऊ आठवावं.

आता मुंबईकडे या. एकाच देणाऱ्याचे, जपानचे, दोन व्यवहार शेजारी ठेवून बघता येतील. मेट्रो तीन, आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, जवळपास सगळी जमिनीखालून. तिच्या खर्चाचा निम्म्याहून मोठा वाटा जपानच्या जायका या सरकारी संस्थेने कर्जाने दिला. ते कर्ज मोकळं होतं. बोगद्यांच्या कामात भारतीय कंपन्यांबरोबर चिनी, तुर्की, रशियन भागीदार होते, आणि गाड्या फ्रेंच कंपनीने आंध्रातल्या श्रीसिटीच्या कारखान्यात बनवल्या. मूळ अंदाज २३,१३६ कोटींचा, तो ३७,२७६ कोटींवर गेला, आरेतल्या झाडांवरून शहर दुभंगलं. म्हणजे मोकळं कर्ज घेतलं की सगळं सुरळीत होतं असं नाही. पण गाडी कोणाकडून घ्यायची हे मुंबईला ठरवता आलं, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात पूर्ण मार्ग सुरू झाला.

दुसरा व्यवहार मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा. जायकाचंच कर्ज, साधारण ८८,००० कोटी रुपये, व्याज ०.१ टक्का, फेड ५० वर्षांत, पहिली १५ वर्षं हप्ता नाही. कागदावर याहून स्वस्त काय असेल! पण गाड्या जपानी शिन्कान्सेनच्या, हे आधीच ठरलेलं. भावात घासाघीस करायला समोर दुसरा दुकानदारच नाही. २०१७ मध्ये भूमिपूजन झालं आणि २०२३ ची मुदत निघून गेली. त्यातला मोठा उशीर पालघरच्या जमिनींचा, तो जपानच्या माथी मारता येणार नाही. पण गाड्यांच्या वाटाघाटी रेंगाळल्या, आणि २०२४ मध्ये भारताने बंगळुरूच्या सरकारी कंपनीला ताशी २८० किलोमीटर वेगाच्या आराखड्याच्या दोन गाड्या बनवायचं काम दिलं. व्याज येनमध्ये मोजलेलं असतं, त्यामुळे पन्नास वर्षांत रुपया किती घसरतो यावर त्या ०.१ टक्क्याची खरी किंमत ठरणार. कर्जाच्या कागदावर व्याजाच्या दराखाली 'माल कोणाकडून' ही ओळ असते. मी असते तर आधी ती वाचली असती.

मोकळ्या मदतीने काय होतं, ते पाहायला पुण्या-मुंबईहून लांब जायला नको. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी एचआयव्हीची तिहेरी औषधं वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला डॉलरच्या आत, देऊ केली. तेव्हा बड्या कंपन्यांचा भाव वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे होता. अमेरिकेने २००३ मध्ये एड्ससाठी पेपफार ही मोठी योजना काढली, पण सुरुवातीला नावाजलेल्या कंपन्यांच्याच गोळ्या घेतल्या. २००५ पासून स्वस्त भारतीय गोळ्यांना अमेरिकी मान्यता मिळू लागली. काही वर्षांत त्या योजनेतल्या बहुतेक गोळ्या तशा झाल्या, आणि तेवढ्याच पैशात कितीतरी जास्त माणसांना औषध मिळालं.

मेंदुज्वराच्या लशीची गोष्ट तर मला तोंडपाठ आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात दर काही वर्षांनी कोरड्या हंगामात मेंदुज्वराची साथ यायची. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाख लोकांना लागण झाली आणि २५,००० माणसं गेली. तिथल्या आरोग्य खात्यांनी स्पष्ट सांगितलं, डोसला अर्ध्या डॉलरपेक्षा जास्त परवडणार नाही. बड्या उत्पादकांना त्या भावात रस नव्हता. गेट्स फाउंडेशनने २००१ मध्ये ७ कोटी डॉलर दिले. पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला गाठलं. तंत्र अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतून आलं, लस हडपसरला तयार झाली, आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत पहिली मोहीम निघाली. डोसचा भाव पन्नास सेंटच्या आत. त्या लशीने ज्या 'ए' गटाच्या मेंदुज्वरावर नेम धरला होता, त्याचा खात्रीने नोंदलेला रुग्ण त्या पट्ट्यात २०१७ नंतर सापडलेला नाही. इथे घेणाऱ्याने भाव सांगितला आणि देणाऱ्याने दुकान मोकळं ठेवलं. मदतीचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हे लिहिताना आपल्या घरचंही सांगायला हवं. भारत आता मदत घेणारा जितका, तितकाच देणाराही आहे. आपली एक्झिम बँक सरकारच्या वतीने आफ्रिकेतल्या आणि शेजारच्या देशांना सवलतीचं कर्ज देते. तिचं मुख्य कार्यालय कफ परेडलाच आहे, त्या मोकळ्या कर्जाच्या मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनजवळ. तिथून निघणाऱ्या कर्जाची सर्वसाधारण अट अशी, की पाऊण माल आणि सेवा भारतातून घ्यायची. जे आपल्याला जपानकडून नको, ते आपण टांझानियाला का द्यावं, हा प्रश्न आपल्या खासदारांना विचारायचा आहे.

तिजोरीत द्यायचे की प्रकल्पावर

एक मत असं, की पैसा सरळ त्या देशाच्या तिजोरीत घाला, त्यांच्या अंदाजपत्रकातून खर्च होऊ दे. वेगळे प्रकल्प काढले की वेगळी ऑफिसं, वेगळ्या जीपगाड्या, आणि सरकारी दवाखान्यातली हुशार नर्स दुप्पट पगारावर तिकडे. २००५ मध्ये पॅरिसला देणाऱ्या-घेणाऱ्या देशांनी हेच मान्य करून सही केली होती.

पण तिजोरीला भोकं असली तर? २०१२ मध्ये युगांडाच्या पंतप्रधान कार्यालयातून उत्तर युगांडासाठी आलेला निधी गायब झाल्याचं उघड झालं. आयर्लंडसह अनेकांनी मदत थांबवली, आणि युगांडा सरकारने आयर्लंडचे ४० लाख युरो परत केले. २०१३ मध्ये मलावीत सरकारी खात्यांतून कोट्यवधींची लूट उघडी पडली. २०१६ मध्ये मोझांबिकने दोन अब्ज डॉलरच्या आसपास कर्ज संसदेपासून लपवल्याचं कळलं, आणि तिजोरीत पैसे घालणाऱ्या १४ देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. शिक्षा भोगली ती दवाखान्याबाहेरच्या रांगेने. मात्र युगांडाची ती चोरी शोधली युगांडाच्याच महालेखापालाने, हे कोणी सांगत नाही. माझ्या दृष्टीने तो त्या देशाचा गुण आहे.

आणि युगांडाचीच आणखी एक नोंद. १९९१ ते ९५ या काळात शाळांसाठी केंद्रातून निघालेल्या अनुदानातले जेमतेम १३ टक्के शाळेपर्यंत पोहोचायचे. तपासणीत हे कळल्यावर सरकारने दर महिन्याला कोणत्या जिल्ह्याला किती सोडले ते वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळेच्या भिंतीवर लावायला सुरुवात केली. काही वर्षांत पोहोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला. इतर सुधारणाही चालू होत्या, सगळं श्रेय भिंतीला देता येणार नाही. पण भिंतीवरचा आकडा काय करतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमचं काम भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमातलं. स्विस जेसुइट फादर हर्मन बाखर यांनी त्यासाठी आयुष्य घातलं. पैसा जर्मन सरकारच्या विकास बँकेचा, नाबार्डमार्फत यायचा, आणि तो गावाची पाणलोट समिती आणि संस्था यांच्या संयुक्त खात्यात पडायचा. दोघांच्या सह्यांशिवाय चेक वटत नसे. त्याआधी गावाला कबूल करावं लागायचं : चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, आणि मजुरीतला ठरलेला हिस्सा श्रमदान म्हणून. आधी एका लहान तुकड्यावर काम करून दाखवायचं, मग मोठा पैसा.

चावडीच्या भिंतीवर काळी पाटी होती. सलग समतल चर किती मीटर, दर काय, मजूर किती, शिल्लक किती, दर पंधरवड्याला मी खडूने लिहायचे. एकदा ग्रामसभेत एक म्हातारी उठली. अक्षरओळख नव्हती, पण आकडे यायचे. म्हणाली, "बाई, मंगळवारी पाऊस व्हता, मी माळावर व्हते, तिथं चिटपाखरू न्हवतं. मग पाटीवर मंगळवारचे बावीस मजूर कुठून आले?" मुकादमाने नावं चढवली होती. मस्टर तिथेच फाडलं, पैसे परत जमा झाले. आमच्याकडे जर्मन तपासणीस वर्षातून एकदा यायचे. ती म्हातारी रोज माळावर असायची.

शेजारच्या गावात त्याच सुमारास दुसऱ्या कुणी परदेशी हातपंप बसवला होता. चांगला पंप. वर्षाने वॉशर गेलं, ते तालुक्यात मिळेना, पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. मी शेवटचा पाहिला तेव्हा दांड्याला शेळी बांधलेली होती.

तेव्हा तिजोरी की प्रकल्प, यात माझं उत्तर देशागणिक बदलेल. जिथे महालेखापाल चोरी पकडतो आणि ती छापून येते, तिथे तिजोरीत द्यावं. जिथे नाही, तिथे प्रकल्प करावा, पण खातं गावाच्या सहीचं आणि पाटी गावाच्या भाषेत.

कर्ज की अनुदान

जपान आणि फ्रान्स मदतीतला बराच भाग कर्जाने देतात. मेट्रो तिकिटाचे पैसे कमावते, मुंबईचे खांदे रुंद आहेत, तिथे कर्ज चालतं. प्राथमिक शाळा दहा वर्षांत पैसे परत करत नाही. युगांडाने १९९७ मध्ये प्राथमिक शाळेची फी काढली, तेव्हा पटावरची मुलं वर्षभरात साधारण तीस लाखांवरून पन्नास लाखांच्या वर गेली. पुढच्याच वर्षी जुन्या कर्जाची माफी मिळाली, तिचा पैसा शिक्षण-आरोग्याकडे वळवता आला. तेच कर्जाने करायला सांगितलं असतं, तर त्या मुलांनी मोठेपणी आपल्याच शाळेचे हप्ते फेडले असते. शाळा, लस, पिण्याचं पाणी यांना अनुदानच द्यावं.

एकेकटं की एकत्र

रोगांच्या बाबतीत एकत्र निधीला माझा पाठिंबा आहे. गावी ही लसनिधीची संस्था २००० मध्ये निघाली. अनेक देशांचे पैसे एकत्र करून ती घाऊक भावाने लस घेते, आणि घेणाऱ्या देशानेही आपला वाटा भरायचा असतो. उत्पन्न वाढेल तसा वाटा वाढतो, शेवटी मदत सुटते. बाहेर पडायची वाट पहिल्या दिवसापासून ठरलेली असते. आतापर्यंत शंभर कोटींहून अधिक मुलांना तिच्यामार्फत लस मिळाली. आमच्या श्रमदानासारखंच आहे हे, स्वतःचा घाम पडला की बांधावर लक्ष राहतं.

याच्या उलट बाहेर पडणं जगाने २०२५ मध्ये पाहिलं. २० जानेवारीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, मार्चमध्ये यूएसएड या सरकारी मदतसंस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं जाहीर झालं, १ जुलैला १९६१ पासूनची ती संस्थाच बंद झाली. सुदानमध्ये युद्धात अडकलेल्यांसाठी गल्लीगल्लीत लोकांनी चालवलेली स्वयंपाकघरं होती. त्यांतली बरीच काही आठवड्यांत विझली. त्या मदतीत दोष होते, वर मी त्यातले काही सांगितलेही. पण तापलेल्या चुलीवरचं भांडं असं उचलून नेत नाहीत. गावीलाही पुढे पैसे देणार नसल्याचं अमेरिकेने त्याच जूनमध्ये सांगितलं. एकत्र निधी असल्यामुळे तिथे इतरांचे पैसे होते, दुकान बंद पडलं नाही. एकट्या देणाऱ्यावर अवलंबून असलेल्यांचं पडलं.

भाचीचा ठराव

मी तिला सांगितलं ते थोडक्यात असं. टक्का वाढवायच्या बाजूने हात वर कर, पण आधी निर्वासितांचा खर्च त्यातून काढायला लाव. मदत मोकळी ठेवण्याचं कलम कोणी हलवायला आलं तर तिथे अडून बस, तडजोड करायचीच तर रकमेत कर, या कलमात नको. लशीसाठी एकत्र निधी, संकटात घरांना रोकड, शाळेला अनुदान. आणि कोणतीही मदत बंद करायची तर किमान तीन वर्षं आधी सांगायचं.

काल तिने मसुदा पाठवला. नीट लिहिलाय. त्यात एक ओळ होती, की प्रत्येक प्रकल्पाने दर सहा महिन्यांनी लंडनला हिशेब सादर करावा. मी ती खोडली नाही. तिच्यापुढे एवढंच जोडून परत पाठवलं : 'आणि तोच हिशेब, तिथल्या लोकांच्या भाषेत, काम जिथे चाललंय त्या गावाच्या भिंतीवर, दर पंधरा दिवसांनी.'